पंखा फिरतोय आणि आकडा शून्य: औद्योगिक बोर्डवरचे देखरेखीचे आणि नियंत्रणाचे सिग्नल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पॅकिंग मशीनच्या पॅनेलमध्ये कॉम एक्सप्रेस टाइप ६ मॉड्यूल (छोट्या बोर्डवरचा अख्खा संगणक) आहे, त्याखाली तुमच्याच टीमने डिझाइन केलेला कॅरिअर बोर्ड (मॉड्यूल ज्यावर बसतं तो), त्यावर एलपीसी बसला (हळू चिपांसाठीच्या जोडणीला) विनबॉन्डची डब्ल्यू८३६२७एचएफ ही सुपर आय-ओ चिप (पंखे आणि व्होल्टेज मोजणारी मदतनीस चिप), आणि वर लिनक्स. तक्रारी चार आहेत. पंखा डोळ्यांना फिरताना दिसतो, पण सॉफ्टवेअरमध्ये शून्य आरपीएम येतो. १२ व्होल्टच्या जागी ३.१५ दिसतं. वॉचडॉग (ठरावीक वेळात खूण मिळाली नाही तर मशीन रिसेट करणारा टायमर) चालू असूनही प्रोग्राम अडकला तेव्हा मशीन रिसेट झालं नाही. आणि वीज जाऊन आली की कधी आपोआप सुरू होतं, कधी कोणीतरी जाऊन बटण दाबावं लागतं.

चारही तक्रारी एकाच दमात लिहिल्यामुळे सारख्या वजनाच्या वाटतात, पण तशा त्या नाहीत. पहिल्या दोन वाचनाच्या आहेत. चिप मोजते, ड्रायव्हर दाखवतो; आकडा चुकला तर फार तर रिपोर्ट चुकतो. पुढच्या दोन नियंत्रणाच्या आहेत. तिथे एखाद्या तारेवरची पातळी बदलली तरच काही घडतं, आणि ते घडण्याची गरज नेमकी सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतानाच येते. त्यामुळे मशीन वाचवण्याचं काम ज्या सिग्नलवर सोपवलंय, तो सॉफ्टवेअर मुद्दाम मारून तपासल्याशिवाय मी कुठलाही बोर्ड पास करत नाही. तुम्हीही करू नका. पहिल्या दोन गोष्टी मात्र तासाभरात सुटतील, म्हणून त्या आधी उरकू.

पंख्याची तार नक्की कुठे जाते ते स्केमॅटिकमध्ये बघा. कॉम एक्सप्रेसच्या कनेक्टरवर बी१०१ ही पिन पंख्याच्या पीडब्ल्यूएमची (वेग ठरवणाऱ्या सिग्नलची) आणि बी१०२ टॅकोची (वेग कळवणाऱ्या पल्सची). तुमचा पंखा त्या पिनांवर असेल तर त्याचा वेग मॉड्यूलवरचा कंट्रोलर मोजतो आणि तो मॉड्यूल बनवणाऱ्या कंपनीच्या लायब्ररीतून वाचावा लागतो. सुपर आय-ओला त्या पंख्याचा पत्ताच नसतो आणि तिथे शून्य दिसणं बरोबरच आहे. याच पिनांबद्दल आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या टाइप २ च्या मांडणीत त्या १२ व्होल्ट पुरवठ्याच्या होत्या. टाइप ६ मध्ये त्या सिग्नलसाठी वापरल्या गेल्या. चुकून जुन्या कॅरिअरवर नवं मॉड्यूल बसलं तर जळू नये म्हणून मॉड्यूलवर त्या पिनांना संरक्षण दिलेलं असतं आणि त्यामुळे पातळ्या अगदी स्वच्छ मिळत नाहीत. पंखा थेट तिथे जोडू नका, मध्ये ट्रान्झिस्टरचा टप्पा घ्या.

तार सुपर आय-ओलाच जात असेल, तर माझा पहिला संशय डिव्हायजरवर, म्हणजे मोजणी लहान करणाऱ्या भाजकावर आहे. ही चिप पंख्याचे पल्स थेट मोजत नाही. दोन पल्समधल्या वेळात आतल्या २२.५ किलोहर्ट्झ घड्याळाचे किती ठोके पडले ते ती मोजते, आणि ती मोजणी फक्त ८ बिटांची आहे. सूत्र असं: आरपीएम म्हणजे १३,५०,००० भागिले (मोजणी गुणिले डिव्हायजर). चिपचा मूळचा डिव्हायजर २. मोजणी २५५ झाली की चिप पंखा थांबला असं धरते. म्हणजे डिव्हायजर २ असताना साधारण २,६५७ आरपीएमपेक्षा हळू फिरणारा पंखा चिपच्या दृष्टीने बंदच! तुमचा पंखा १,८०० ला फिरत असेल तर मोजणी ३७५ व्हायला हवी, ती ८ बिटांत मावत नाही, आणि स्क्रीनवर शून्य येतो. एलएम-सेन्सर्सच्या (लिनक्सवर हे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) कॉन्फिगरेशनमध्ये त्या पंख्याचा डिव्हायजर ८ करा. मोजणी ९४ च्या आसपास येईल, आकडा १,७९५ किंवा १,८१५ असा वीसच्या टप्प्यांनी हलेल, आणि खालची मर्यादा ६६४ पर्यंत जाईल. याच घराण्यातल्या पुढच्या काही चिपांचा ड्रायव्हर हा डिव्हायजर स्वतःच वाढवत नेतो. एचएफच्या ड्रायव्हरमध्ये तो तुम्हालाच द्यावा लागतो.

तरीही शून्यच आला तर स्कोप (ऑसिलोस्कोप) लावा. टॅकोचं आउटपुट ओपन-कलेक्टर असतं, म्हणजे ते तार फक्त खाली खेचतं; बोर्डवर पुल-अप (तार वर ओढणारा रेझिस्टर) नसेल तर तारेवर काहीच दिसणार नाही. पुल-अप १२ व्होल्टला घेतला असेल तर चिपच्या पिनेआधी विभाजक (व्होल्टेज कमी करणारे दोन रेझिस्टर) किंवा झेनर डायोड हवाच. संगणकाचे नेहमीचे पंखे एका फेरीला दोन पल्स देतात, म्हणून १,८०० आरपीएमला तारेवर ६० हर्ट्झचा चौकोनी सिग्नल दिसला पाहिजे. हा हिशोब डोक्यात ठेवलात तर एक फसवा आकडाही ओळखता येईल: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ५० हर्ट्झ म्हणजे बरोबर १,५०० आरपीएम. पंखा काढून टाकल्यावरही १,५०० च्या आसपास स्थिर आकडा येत असेल, तर ती तार मोकळी लोंबकळते आहे आणि मेन्सचा गुणगुणाट उचलते आहे.

आणि पंख्याचा पार्ट नंबर तपासा. औद्योगिक पंख्यांमध्ये तिसरी तार दरवेळी टॅकोचीच असते असं नाही. बऱ्याच मॉडेलमध्ये ती अडकल्याची सूचना देणारी असते: पंखा फिरत असताना एक पातळी, अडकला की दुसरी. पल्स नाहीतच, मग आरपीएम कुठून येणार? दुकानदार ‘तीन वायरचा पंखा’ म्हणून दोन्ही एकाच नावाने देतो. खरेदी विभागाला पूर्ण पार्ट नंबर लिहून द्या, फक्त आकार आणि व्होल्टेज नाही.

चार तारांच्या पंख्याच्या पीडब्ल्यूएमबद्दलही लगेच सांगतो, कारण ती नियंत्रणाची तार आहे आणि तिथे चूक महागात पडते. तिची वारंवारता २५ किलोहर्ट्झ धरलेली आहे, २१ ते २८ पर्यंत चालते. पुल-अप पंख्याच्या आत असतो आणि बोर्डने तार फक्त खाली खेचायची असते. तार तुटली किंवा मोकळी राहिली तर पंखा पूर्ण वेगाने फिरतो. हा गुण जपा. मधल्या ट्रान्झिस्टरच्या गेटला पुल-डाउन द्या, म्हणजे बायॉस सुरू होईपर्यंत आणि काहीही अडकलं तरी ट्रान्झिस्टर बंद राहील आणि पंखा पूर्ण वेगाने चालेल. या टप्प्यामुळे सिग्नल उलटतो, म्हणून बायॉसमधली पोलॅरिटीही उलटी करा. ती करायची राहिली तर प्रोसेसर जसजसा तापेल तसतसा पंखा हळू होत जातो, आणि टेबलावर थंड खोलीत हे कुणाच्याच लक्षात येत नाही.

आता १२ व्होल्ट. या चिपचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) ० ते ४.०९६ व्होल्ट मोजतो, एक पायरी १६ मिलीव्होल्टची. १२ व्होल्ट थेट देता येत नाही, म्हणून २८ किलोओहम आणि १० किलोओहमचा विभाजक लावतात, आणि तुम्ही डेटाशीटवरून तेच घेतलं असणार, कारण १२ ला ३.८ ने भागलं की ३.१५८ येतं. तुमची चिप बरोबरच मोजते आहे. कॉन्फिगरेशनमध्ये त्या इनपुटला ३.८ ने गुणण्याची ओळ नाही, इतकंच.

ती ओळ घातल्यावर मात्र दशांशांवर विश्वास ठेवू नका. १६ मिलीव्होल्टची पायरी ३.८ ने गुणल्यावर जवळजवळ ६१ मिलीव्होल्टची होते. त्यामुळे तुम्हाला ११.९८ दिसेल किंवा १२.०४ दिसेल, मधलं काहीच दिसणार नाही. १ टक्का अचूकतेचे रेझिस्टर असतील तर दोघांची चूक उलट दिशेला गेल्यावर आणखी दीड टक्का, म्हणजे १२ व्होल्टवर सुमारे ०.१८ व्होल्टचा फरक पडू शकतो. एटीएक्सची (संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या मानकाची) मर्यादा ५ टक्के, म्हणजे ११.४ ते १२.६. अलार्म ११.४ वर बरोबर ठेवलात तर निरोगी बोर्डही कधीतरी बोंब मारेल आणि ऑपरेटर अलार्मकडे बघणं सोडून देईल. प्रत्येक बोर्डवर उत्पादनाच्या वेळी मल्टिमीटरने एकदा मोजून गुणक त्या बोर्डपुरता दुरुस्त करून ठेवणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय. आणि क्षणिक डुबकी या एडीसीला दिसतच नाही. मोटर सुरू होताना काही मिलिसेकंद १२ व्होल्ट खाली जात असेल तर त्याला स्कोपच हवा.

इथे एक इशारा. ड्रायव्हर लोड करताना एसीपीआयशी (हार्डवेअर सांभाळणाऱ्या बायॉसच्या कोडशी) संघर्ष असल्याचा संदेश आला आणि तुम्ही कर्नलला ‘लॅक्स’चा पर्याय देऊन पुढे गेला असाल, तर तो काढा. या चिपचं वाचन दोन टप्प्यांत होतं: २९५ हेक्स या पोर्टवर रजिस्टरचा नंबर लिहायचा, मग २९६ हेक्सवरून किंमत घ्यायची. बायॉसचा एसीपीआय कोडही तीच चिप वापरत असेल आणि तो या दोन टप्प्यांच्या मध्ये घुसला, तर तुम्ही तापमान मागता आणि हातात भलतंच रजिस्टर येतं. वाचताना हे झालं तर विचित्र आकडा दिसेल. लिहिताना झालं तर भलत्याच रजिस्टरमध्ये किंमत बसेल. कर्नल अडवतो ते याच कारणाने. प्रयोगशाळेत चालेल, ग्राहकाकडे जाणाऱ्या मशीनवर नाही. तिथे मॉड्यूलवाल्यांकडून ईएपीआय लायब्ररी घ्या. पीआयसीएमजीने (कॉम एक्सप्रेसचं मानक ठरवणाऱ्या संस्थेने) ती याच कामासाठी ठरवून दिलेली आहे आणि तापमान, व्होल्टेज, वॉचडॉग सगळं एका दारातून मिळतं. तसंच आयटूसी-डिटेक्ट (बसवरचे पत्ते चाचपणारी आज्ञा) एसएमबसवर बिनधास्त चालवू नका. ५० ते ५७ हेक्स या पत्त्यांवर रॅमच्या ओळखीची माहिती असते, तिथे चुकून लिहिलं गेलं तर बोर्ड उठणारच नाही.

तापमानाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पॅनेल बंद आहे म्हणून सांगतो. कॅरिअरवर एलएम७५ ही तापमान मोजणारी चिप बसवा. तिचं ओएस (मर्यादा ओलांडल्याचं कळवणारं) आउटपुट ओपन-ड्रेन, खाली गेलं की सक्रिय, आणि वीज येताच ८० अंशांवर चालू व ७५ वर बंद अशा मर्यादा घेऊन सुरू होतं. एकही ओळ कोड न लिहिता ते काम करतं. ते कॉम एक्सप्रेसच्या थर्म पिनेला, म्हणजे बी३५ ला द्या. बंद पॅनेलमधल्या हवेसाठी ८० अंश जास्त आहेत, म्हणून सॉफ्टवेअर सुरू झालं की मर्यादा खाली आणा. पण सॉफ्टवेअर सुरूच झालं नाही तरी ८० ची भिंत उभी असते. ए३५ वरचा थर्मट्रिप मात्र मॉड्यूलकडून येतो: प्रोसेसरने तापून स्वतःला बंद केलं असं तो सांगतो. तो एका लाल एलईडीला जरी जोडलात तरी सर्व्हिसला गेलेल्या माणसाचा अर्धा दिवस वाचेल.

आता वॉचडॉग. तुमच्या वर्णनावरून प्रोग्राम अडकला होता, पण स्क्रीनवरचं घड्याळ चालू होतं आणि नेटवर्कवरून लॉगिन होत होतं. म्हणजे कर्नल आणि सिस्टमडी (लिनक्समध्ये बाकीचे प्रोग्राम सुरू करून सांभाळणारा) ठणठणीत होते आणि वॉचडॉगला वेळच्या वेळी खाऊ घालत होते. वॉचडॉगने चूक काहीच केली नाही. तुम्ही त्याला पॅकिंगच्या प्रोग्रामवर लक्ष ठेवायला सांगितलंच नव्हतं.

साखळी दोन कड्यांची हवी. हार्डवेअर वॉचडॉग सिस्टमडीवर लक्ष ठेवेल. त्यासाठी सिस्टमडीच्या मुख्य कॉन्फिगरेशनमध्ये रनटाइम वॉचडॉगचा काळ द्या. सिस्टमडी तुमच्या प्रोग्रामवर लक्ष ठेवेल. त्यासाठी सर्व्हिसच्या फाइलमध्ये तिचा स्वतःचा वॉचडॉग काळ द्या आणि प्रोग्रामने ठरावीक अंतराने ‘मी जिवंत आहे’ हा निरोप पाठवायचा. हा निरोप वेगळ्या थ्रेडमधून पाठवू नका. मुख्य लूप अडकली तरी तो थ्रेड आनंदाने निरोप पाठवत राहतो आणि सगळी मेहनत वाया जाते. लूपची एक पूर्ण फेरी झाली, पीएलसीकडून (मशीनच्या औद्योगिक कंट्रोलरकडून) उत्तर आलं, हे बघून मगच निरोप जावा.

दुसरी शंका: तुम्ही नक्की कोणत्या वॉचडॉगला खाऊ घालताय? तुमच्या मशीनवर तीन असू शकतात: चिपसेटमधला टीसीओ, सुपर आय-ओमधला, आणि मॉड्यूलच्या कंट्रोलरमधला. लिनक्समध्ये ते वॉचडॉग ०, १ अशा नावांनी दिसतात आणि लोड होण्याचा क्रम बदलला तर नंबरही बदलतो. चिपसेटच्या वॉचडॉगला रिबूट रोखणारा एक बिट असतो, काही बोर्डांवर तो स्पीकरच्या पिनेवरच्या पुल-अपने चालू होतो. कर्नलच्या लॉगमध्ये ‘नो-रिबूट फ्लॅग काढता येत नाही, हार्डवेअर किंवा बायॉसने बंद केलंय’ अशा अर्थाची ओळ आहे का ते शोधा. ती असेल तर त्या वॉचडॉगवर अवलंबून राहू नका.

सुपर आय-ओचा वॉचडॉग वेळ संपल्यावर फक्त आपली एक पिन हलवतो. ती पिन तुमच्या कॅरिअरवर मॉड्यूलच्या रिसेट इनपुटपर्यंत, म्हणजे बी४९ पर्यंत गेलीच नसेल, तर ती हलून उपयोग काय? तुमच्या स्केमॅटिकमध्ये मला ती जोडणी दिसली नाही. उलट बाजूने, कॉम एक्सप्रेसची बी२७ ही वॉचडॉगची पिन आउटपुट आहे: वेळ संपली हे ती कॅरिअरला कळवते. तिचा चांगला उपयोग म्हणजे डिजिटल आउटपुटच्या एनेबलला ती देणं, म्हणजे संगणक अडकला की हीटर आणि सोलेनॉइड सुटतात. आणीबाणीचा स्टॉप मात्र या सगळ्यापासून स्वतंत्र, सेफ्टी रिलेवरच ठेवा. वॉचडॉग ही त्याची जागा कधीच घेऊ शकत नाही.

चाचणी अशी करा. आधी प्रोग्रामला स्टॉप सिग्नल पाठवून गोठवा. सिस्टमडीने ठरलेल्या वेळात त्याला मारून पुन्हा उठवलं पाहिजे. मग सिस-आरक्यूमधून (कर्नलला थेट आज्ञा देण्याच्या सोयीतून) कर्नल मुद्दाम पाडा. कर्नलची पॅनिकनंतर आपोआप रिबूट होण्याची सोय मूळ सेटिंगमध्ये शून्य, म्हणजे बंद असते, त्यामुळे मशीन तिथेच गोठेल आणि हार्डवेअर वॉचडॉगनेच ते उठवलं पाहिजे. तुमच्या वितरणाने ती किंमत बदलली असेल तर चाचणीपुरती शून्य करा, नाहीतर रिबूट नक्की कोणी केला ते कळणार नाही. बायॉसमधूनच वॉचडॉग सुरू करत असाल तर वेळ सढळ ठेवा. वीज गेल्यावर डिस्कची तपासणी लांबली आणि वॉचडॉगची वेळ आधी संपली, तर मशीन अर्ध्यातच रिसेट होईल, पुन्हा तपासणी, पुन्हा रिसेट. शेवटी, सुरू होताना ड्रायव्हरकडून बूट-स्टेटस वाचून लॉगमध्ये लिहा, म्हणजे मागचा रिसेट वॉचडॉगने केला की वीज गेली होती हे महिन्यानंतरही सांगता येईल.

चौथी तक्रार, आणि माझ्या मते हीच सगळ्यात त्रासाची. वीज परत आल्यावर सुरू व्हायचं की बंद राहायचं हे बायॉसमध्ये ठरतं, ते तुम्ही ‘चालू’ केलेलं आहे. पण ही निवड चिपसेटच्या ज्या भागात साठते तो नाण्याएवढ्या सीआर२०३२ सेलवर जगतो. सेल संपला की निवड पुसली जाऊ शकते. आधी तो मोजा. नवा सेल ३ व्होल्टच्या वर असतो.

सेल चांगला असेल तर वीज जाण्याचा कालावधी बघा. ‘कधी होतं, कधी नाही’ या वर्णनावरून मला इथेच पाणी मुरतंय असं वाटतं. वीज दोन-चार मिनिटं गेली तर सगळं शून्यावर येतं आणि मॉड्यूल नव्याने सुरू होतं. पण वीज एखाद-दोन सेकंद गेली तर मुख्य १२ व्होल्ट कोसळतो, मात्र ५ व्होल्ट स्टँडबायवर (मशीन बंद असतानाही चालू राहणाऱ्या पुरवठ्यावर) भार जवळजवळ नसल्याने तो कपॅसिटरांवर तग धरून राहतो, किंवा २-३ व्होल्टवर घुटमळतो. मॉड्यूलच्या दृष्टीने वीज गेलीच नाही, म्हणून ‘वीज परत आली’ हा प्रसंगही घडत नाही, आणि ते बटणाची वाट बघत बसतं. स्टँडबायवर डिस्चार्जसाठी रेझिस्टर द्या आणि एक व्होल्टेज सुपरवायजर बसवा, जो ठरावीक पातळीखाली गेल्यावर स्टँडबाय पूर्णपणे तोडेल. तुम्हाला झोपेच्या अवस्था लागतच नसतील तर स्टँडबाय जोडूच नका, मॉड्यूल फक्त १२ व्होल्टवर चालवा. पॅनेलमधल्या संगणकासाठी मी बहुतेक वेळा हेच सुचवतो.

त्याच जोडीला बी२४ वरचा पॉवर-ओके बघा. एटीएक्स पुरवठा व्होल्टेज मर्यादेत आल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून हा सिग्नल वर नेतो आणि व्होल्टेज कोसळण्याच्या किमान १ मिलिसेकंद आधी खाली आणतो. तुमच्या कॅरिअरवर तो नुसता पुल-अप करून सोडलेला आहे. मग १२ व्होल्ट अजून वर चढत असतानाच मॉड्यूल निघतं, आणि कोसळताना त्याला आगाऊ सूचनाही मिळत नाही. तो सुपरवायजरच्या आउटपुटवर घ्या.

बटणाच्या तारेचंही तेच. पॉवर बटणाची बी१२ पिन स्टँडबायच्या क्षेत्रातली. तिला मुख्य ३.३ व्होल्टवर पुल-अप दिला तर मशीन बंद असताना त्या वाटेने गळती होते. आणि ती तार पॅनेलच्या दारापर्यंत कॉन्टॅक्टरच्या केबलला चिकटून नेली असेल, तर कॉन्टॅक्टर सुटताना उठणारा आवाज बटण दाबल्यासारखा वाचला जातो आणि मशीन आपणहून बंद होतं. ऑप्टोकपलर आणि छोटा आरसी फिल्टर लावा, तार वेगळ्या डक्टमधून न्या.

बदल केल्यावर वीज हाताने तोडून तपासा: अर्धा सेकंद, दोन सेकंद, दहा सेकंद, पाच मिनिटं, आणि प्रत्येक वेळ अनेकदा. स्कोपच्या चार चॅनेलवर स्टँडबाय, १२ व्होल्ट, पॉवर-ओके आणि ए१५ वरचा एस३ (झोपेची अवस्था कळवणारा) सिग्नल घ्या. दोन सेकंदांच्या चाचणीत जेव्हा मशीन उठणार नाही, त्या वेळचं चित्र मला पाठवा. स्टँडबाय किती खाली उतरतो ते दिसलं की सुपरवायजरची पातळी आणि डिस्चार्ज रेझिस्टरची किंमत सांगतो.